डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा

भिवंडीत मोटर वायंडिंगचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. यंत्रमागांच्या कुठल्याही गल्लीत शिरा, चार गाळे ओलांडले की एक लागतंच. दारात तेलकट मोटरी ओळीनं मांडलेल्या, आत भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, आणि वार्निशचा उग्र वास. १९३०च्या दशकात इथल्या विणकर कुटुंबांनी हातमाग सोडून यंत्रमाग धरायला सुरुवात केली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचं काम इकडे वळलं आणि मागांची संख्या लाखांत गेली. मागाला मोटर लागते, आणि मोटर म्हटली की ती कधीतरी जळणार. जळलेली मोटर फेकून द्यायची नसते. जुनी तार काढून नवी भरायची असते. ही विद्या ज्या हातांत होती, त्याच हातांनी या शहरातल्या जुन्या मोटारगाड्याही कित्येक वर्षं चालत्या ठेवल्या.

जुन्या गावातल्या एका घरात तीन गाड्या नांदल्या: आधी मॉरिस मायनर, मग प्रीमियर पद्मिनी, मग मारुती ८००. घरात इंजिनिअर कुणीच नव्हतं. तरीही करंट कुठून निघतो, कुठे जातो आणि कुठे अडतो, हे त्या घरातल्या बहुतेकांना सांगता येई. ते त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. गाड्यांच्या खोड्यांनीच शिकवलं.

गाडी ही भिवंडीत नुसती हौस नव्हती. शहराला भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे, पण ते दिवा–वसई मार्गावर. मुंबईची लोकल धरायची तर रस्त्यानं कल्याण किंवा ठाणं गाठावं लागतं. रात्री-अपरात्री दवाखाना, पहाटे कल्याणहून सुटणारी गाडी, वज्रेश्वरी-गणेशपुरीची वारी, कसारा घाट चढून नाशिक, सगळं रस्त्यावरच अवलंबून. त्यामुळे सेल्फ मारल्यावर इंजिन उठतं की नुसतं कण्हतं, हा घरातल्या सगळ्यांच्या काळजीचा विषय असे.

मॉरिस मायनर ही ॲलेक इसिगोनिस यांनी रेखाटलेली आणि १९४८ साली इंग्लंडमध्ये आलेली गाडी. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सनं ती बेबी हिंदुस्तान म्हणूनही विकली. घरातल्या वडीलधाऱ्या आबांनी ती साठच्या दशकात जुनीच विकत घेतली. त्या गाडीला मिचमिचणारे इंडिकेटर नव्हते. दोन दारांमधल्या खांबात एक छोटा हात दडवलेला असे. चालकानं बटण फिरवलं की आतल्या विद्युतचुंबकाला करंट मिळे, हात खटकन आडवा बाहेर येई आणि त्याच्या पोटातला दिवा पिवळा उजळे. पावसाळ्यात मात्र तो बिजागरीत अडके. करंट पोचलेला, चुंबक ओढतोय, पण हात बाहेर येत नाही. मग आत बसलेल्यानं खांबावर मुठीनं एक ठोसा द्यायचा. हे काम घरातल्या आत्याकडे असे, कारण तिची जागा ठरलेली होती. आबांनी "डावा" म्हटलं की ती आधी खांबाकडे कान लावी आणि खटका ऐकू आला नाही तरच ठोसा देई.

गाडीचा पेट्रोल पंपही विजेवर चाले. चावी फिरवली की बॉनेटखालून टक् टक् टक् असा आवाज सुरू होई, कार्ब्युरेटरचं भांडं भरलं की मंदावे. हा आवाज घराला पाठ होता. आवाज आलाच नाही तर पंपाच्या आतले पॉइंट काळे पडले, असं समजायचं, बॉनेट उघडायचं आणि पान्याच्या मुठीनं पंपाच्या डोक्यावर हलकेच टकटक करायचं. पॉइंट हलत, घासले जात, पंप पुन्हा बोलू लागे. पुढे सवडीनं ते पॉइंट पॉलिश पेपरनं साफ करायचे. तात्पुरता उपाय आणि खरा उपाय यांत फरक असतो, आणि तात्पुरत्यावर भागलं म्हणून खरा टाळायचा नसतो, याबाबत आबा फार काटेकोर होते.

त्या पिढीतल्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांप्रमाणे हिच्या बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं होतं. आजच्या गाड्यांत उणे टोक बॉडीला असतं. त्यामुळे बॅटरी नव्या माणसाच्या हाती देणं जोखमीचं. त्यानं सवयीनं उलटी जोडली तर बॅटरी भरणारा डायनॅमो उलटाच करंट ढकलू पाहणार. यावर घरात एक नियम होता आणि तो दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू पडतो: बॅटरी काढताना बॉडीला जोडलेली तार आधी सोडायची, लावताना ती शेवटी लावायची. अधिक की उणे हा प्रश्नच नाही. दुसरं टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही, कारण परतीची वाट आधीच तोडलेली असते. हा नियम आजही प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी होता डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा.

हा दिवा एका टोकाला बॅटरीशी आणि दुसऱ्या टोकाला डायनॅमोशी जोडलेला असे. चावी फिरवली आणि इंजिन बंद असलं की डायनॅमोकडे दाब शून्य. करंट बॅटरीकडून दिव्यातून डायनॅमोकडे वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन वेगानं फिरलं की डायनॅमोचा दाब बॅटरीइतका होतो, दोन्ही टोकं सारखी होतात आणि दिवा विझतो. म्हणजे तो विझणं ही चांगली बातमी. डायनॅमोची अडचण अशी की इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. त्या वेळी बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत शिरू नये म्हणून कटआउट नावाचं छोटं रिले वाट तोडून टाकतं. या काळात गाडीचा सगळा खर्च बॅटरी सोसते.

आता पावसाळ्यातली संध्याकाळ धरा. रांजणोली किंवा अंजूरफाट्याला वाहनं तुंबलेली. हेडलाइटचे ४५ वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर खातात. पुढचे-मागचे छोटे दिवे मिळून दोनेक, वायपर तीनेक, इग्निशन आणखी तीनेक. बेरीज पंधरा-सोळा अँपिअर. त्या काळच्या लुकास सी-४० जातीच्या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर, तीही इंजिन चांगलं पळत असेल तर. कोंडीत इंजिन पळत नाही. मग हेडलाइट पिवळट होतात, वायपर काचेवर मध्येच रेंगाळतो आणि तांबडा दिवा उजळतो. आबा अशा वेळी ॲक्सिलरेटरवर पाय जरासा दाबून ठेवत आणि हेडलाइट बंद करत. बाहेरून पाहणाऱ्याला ही विचित्र सवय वाटली असेल. घरातल्यांना हिशेब माहीत होता.

डायनॅमो बिघडला की तो काढून वायंडिंगवाल्याकडे न्यायचा. तिथल्या उस्तादांना डायनॅमो आणि मागाची मोटर ही एकाच घराण्यातली यंत्रं वाटत, आणि ते खरंही आहे. मोटरला करंट दिला की ती फिरते. डायनॅमो फिरवला की तो करंट देतो. मागाच्या मोटरीत ब्रश नसतात, डायनॅमोत असतात, एवढाच मोठा फरक. उस्ताद आधी कार्बन ब्रश पाहत. घासून आखूड झाले असतील तर निम्मं दुखणं तिथंच सापडे. मग कम्युटेटरचे तांब्याचे पट्टे बारीक पॉलिश पेपरनं उजळत, पट्ट्यांमधली फट कापलेल्या हॅक्सॉ ब्लेडनं कोरून काढत. मागखात्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या डायनॅमोत कापसाची रुईही शिरलेली असे, कार्बनच्या भुकटीत मिसळून तिचा काळा लगदा झालेला. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा फिरणारा भाग, जळलं असेल तर ते ग्राउलर नावाच्या चाचणीयंत्रावर ठेवून वर पोलादी पातं धरायचं: ज्या खाचेवर पातं थरथरतं तिथली तार आतून एकमेकीला चिकटलेली. मग जुनी तार मोजत उलगडायची, वेढे आणि जाडी लिहून ठेवायची आणि तेवढेच वेढे नव्यानं भरायचे. आबा स्टुलावर बसून हे सगळं पाहत. "उस्ताद, वेढे किती निघाले?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न, आणि उत्तर त्यांच्या वहीत जाई.

सेल्फचा, म्हणजे स्टार्टरचा, कायदा वेगळा. विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. तो बनवणारे चार्ल्स केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि दुकानातलं गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवण्याचं काम त्यांनी केलं होतं. त्यातूनच त्यांना उमगलं की मोटर काही क्षणच चालवायची असेल तर छोट्या मोटरीवरही तिच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकता येतं. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो आणि तरी जळत नाही, कारण तो क्षणभरच चालतो. म्हणूनच सेल्फ दाबून धरायचा नाही. एकदा मारायचा, थांबायचं, बॅटरीला दम घेऊ द्यायचा, मग पुन्हा. या घरात मुलांना गाडी शिकवताना पहिला धडा हाच असे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आबांच्या मोठ्या मुलानं, दादांनी, पद्मिनी आणली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं ही गाडी बनत असे. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबण्याचा तो काळ. दादांनीही जुनीच घेतली.

जुन्या गाडीत कोकणपट्टीचा पाऊस काय करतो, ते या पद्मिनीनं दाखवलं. तिला पहिली काही वर्षं काहीही झालं नाही. पुढे एका पावसाळ्यात ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद उजळू लागला. इंडिकेटर दिला की पार्किंगचे दिवे त्याच्या तालावर थरथरत. शेजाऱ्यांच्या मुलांना याचं फार कौतुक. दादांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, काही फरक नाही. ऑटो इलेक्ट्रिशियननं दिव्याच्या घराचा स्क्रू काढला, खालचा गंज पत्रा चमकेपर्यंत खरवडला आणि स्क्रू परत बसवला. खोडी गेली.

कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच तार जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. कारागीर त्याला बॉडी अर्थ म्हणतात. स्क्रूखाली गंज चढला की हा रस्ता बंद होतो. पण ब्रेकच्या दिव्यात शिरलेला करंट थांबून राहत नाही. तो त्याच घरातल्या शेजारच्या बल्बमधून उलटा निघतो, इंडिकेटरच्या तारेनं पुढच्या बाजूला जातो आणि तिथल्या बल्बमधून बॉडीला मिळतो. बारा व्होल्टची वाटणी तीन बल्बांत झाल्यामुळे कुठलाच धड पेटत नाही. गाडीचं असलं वेडं वागणं हा नेहमी तर्कशुद्धच प्रकार असतो. बंद झालेल्या एका वाटेमुळे करंटनं शोधलेली ती दुसरी वाट असते. दादांना हे समजलं त्या दिवसापासून ते कुठल्याही बिघाडात बल्बच्या आधी अर्थ तपासू लागले, आणि दहातल्या बहुतेक वेळा तिथंच उत्तर सापडलं.

एकदा हॉर्न आपोआप वाजू लागला, तोही फक्त स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की. गाडी वळणार ती गर्दीच्याच ठिकाणी, वंजारपट्टी नाक्याला किंवा मंडईत, आणि प्रत्येक वळणाला लांब भोंगा. हॉर्नचं बटण दाबतो तेव्हा आपण फक्त त्याच्या तारेला बॉडी दाखवतो. इथे स्टिअरिंगच्या नळीत त्या तारेवरचं आवरण घासून गेलं होतं आणि ठरावीक कोनात ती आपणहून बॉडीला टेकत होती. दादांच्या पत्नीनं, वहिनींनी, हे आधी ओळखलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वळण बदललं की आवाज बदलतो, तर दोष वळणाऱ्या भागात शोधा.

वहिनींचा आणखी एक वाटा मोठा आहे. पावसात गाडी फटफटत बंद पडली की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून पुसायची. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. टोपीत ओल असली की तो दाब प्लगकडे न जाता ओलीवरूनच घसरतो. पुसायला कापड लागे, आणि कापडाच्या गावात कापडाला काय तोटा? पण मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या सुताला सायझिंगची खळ असते. ते पाणी नीट शोषत नाही. वहिनी असे तुकडे गरम पाण्यात धुऊन, खळ काढून, वाळवून गाडीच्या खणात ठेवत. बॅटरीच्या टोकांवर चढणारी पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची आणि वर व्हॅसलीन लावायचं, हेही त्यांचंच काम. सोडा ॲसिड मारतो, व्हॅसलीन हवा अडवतं. स्वयंपाकघरातल्या डब्यानं बॅटरीचं आयुष्य वाढत असे.

भिवंडीनं विजेची टंचाईही फार भोगली. २६ जानेवारी २००७ ला शहराचं वीज वितरण फ्रँचायझी पद्धतीनं टोरंट पॉवरकडे गेलं. देशातला तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग. त्याआधीच्या वर्षांत भारनियमनाचे तास इतके लांबत की माग थांबत आणि गल्ल्या गप्प होत. या घरात तेव्हा पद्मिनीची बॅटरी कामाला येई. बारा व्होल्ट, चाळीस अँपिअर-तास म्हणजे कागदावर ४८० वॉट-तास. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लांब वायरनं ओसरीवर आणला की मुलांचा अभ्यास होई. पण बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, हा दादांचा दंडक; सकाळी सेल्फ मारायचा असे. हायड्रोमीटरनं ॲसिडची घनता पाहायची: १.२५० च्या आसपास म्हणजे भरलेली, १.२०० च्या खाली घसरली की दिवा बंद आणि मेणबत्ती. दहावीच्या पुस्तकातलं रसायन आबांच्या नातीला ओसरीवर असं कळलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भिवंडीही पाण्याखाली गेली. पद्मिनी सीटपर्यंत बुडाली. दादांनी पाणी ओसरल्यावर सेल्फला हात लावला नाही. आधी बॅटरी सोडवली, मग डायनॅमो आणि सेल्फ काढून उस्तादांच्या मुलाकडे नेले. तिथे गाळ धुऊन ते भट्टीत वाळवले, जसे बुडालेल्या मागांच्या मोटरी वाळवल्या जात होत्या. गाडी पुन्हा चालू झाली. आज पाण्यात बुडालेली गाडी विम्याच्या हिशेबात अनेकदा संपलेलीच धरली जाते.

मारुती ८०० त्याआधीच घरात आली होती. १४ डिसेंबर १९८३ ला देशात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि अनेक घरांप्रमाणे या घरालाही तिनं मोठा आराम दिला. तिच्यात अल्टरनेटर होता. तो इंजिन मंद असतानाही करंट देतो, आणि उलटा करंट अडवायला त्यात सिलिकॉनचे डायोड असतात. कोंडीत हेडलाइट पिवळट होणं संपलं. तांबडा दिवा राहिला, पण तो क्वचितच लागे. ही सुधारणा खरीच आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. पावसात अर्ध्या वाटेवर बंद पडलेल्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसलेल्यानं जुन्याचे गोडवे गाऊ नयेत.

मात्र त्यापुढच्या गाड्यांनी एक गोष्ट घरातून काढून घेतली. बॉशनं १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली. आता दिवे, काचा, कुलपं एकमेकांशी दोन तारांवरून संकेतांत बोलतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाल्यावर इंजिनाचा प्रत्येक श्वास संगणक मोजतो. बल्ब गेला तरी कधीकधी स्कॅनर लावावा लागतो. तारेवर बोट ठेवून करंटच्या मागे जाता येत नाही. नातीच्या आजच्या गाडीत बिघाड झाला की पडद्यावर एक आकडा येतो, आणि दुरुस्ती म्हणजे सगळा सुटा भाग बदलणं. उस्तादांच्या दुकानात आता गाडीचं काम फारसं येत नाही, मागाच्या मोटरी आणि पाण्याचे पंप येतात.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. पन्नास वर्षांपलीकडच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. पत्रा आणि इंजिन वाचवण्याची काही सोय त्यामुळे झाली. डायनॅमोचे वेढे किती, कुठल्या स्क्रूखाली अर्थ मिळतो, हे ज्ञान मात्र कुठल्याही नोंदणीत बसत नाही. ते आबांच्या वहीसारख्या वह्यांत आणि साठी ओलांडलेल्या कारागिरांच्या हातांत आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी अजून उभी आहे, त्यांनी तिच्या तारांचा नकाशा कागदावर काढून घ्यावा. कुठली तार कुठून कुठे जाते, हे ज्या माणसानं इतकी वर्षं सांभाळलं त्यालाच शेजारी बसवून. आणि ठाणे जिल्ह्यातल्या आयटीआयच्या वायरमन आणि मोटर मेकॅनिकच्या शिक्षकांनी आपल्या मुलांना भिवंडीच्या एखाद्या वायंडिंगच्या दुकानात दिवसभर नेऊन बसवावं, डायनॅमो उघडताना दाखवावा, वेढे मोजायला लावावेत. ती दुकानं अजून उघडी आहेत. हे काम या वर्षी करावं, पुढच्या नव्हे.